उजवा कोपर

नाश्त्याच्या टेबलावर मी चहाचा कप पुढे सारला आणि तो सरकला. एवढंच झालं. कप अर्धा उरला होता, वर साय धरली होती, मला तो नको होता. नको असलेली वस्तू माणसं जशी न बघता दूर करतात तसा मी तो दूर केला. आजूबाजूला आमच्या संघाच्या चाकांच्या खुर्च्या टेबलांना खेटून उभ्या होत्या, कुणीतरी पावाला लोणी लावून मागत होतं, खिडकीबाहेर विमानतळाच्या रस्त्यावरून टॅक्स्या पेडण्याकडे चालल्या होत्या. कुणाचंच लक्ष नव्हतं. मी मात्र कपाकडे बघत राहिले. गेली चौदा वर्षं मला वस्तू जवळ ओढता येतात, दूर ढकलता येत नाहीत. ओढणारा स्नायू मानेच्या एका मणक्यावरून चालतो, ढकलणारा त्याच्या खालच्यावरून, आणि माझी तार त्या दोघांच्या मध्ये तुटलेली आहे. काही दूर करायचं तर मी खांदा पुढे फेकते, हात त्याच्यामागून दोरीसारखा येतो आणि वस्तू पडते किंवा सांडते. आज काही सांडलं नव्हतं. खांदा जागचा हलला नव्हता. उजवा कोपर सरळ झाला होता.

मी कप मनगटाने जवळ ओढला आणि पुन्हा सारला. पुन्हा गेला. कोपराच्या मागे, जिथे मला फक्त बाहीचं कापड कळतं, तिथे काहीतरी आवळलं. कुणीतरी आतून दार किंचित ओढून धरावं तसं. मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. मी कप परत जवळ ओढला.

‘‘काय लायब्ररी, कपासंगं खेळाय लागलीस व्हय?’’ समोरून राजेश म्हणाला. राजेश आमचा कर्णधार. त्याचे आईबाप कोल्हापूरकडून तुयेच्या कारखान्यांची बांधकामं करायला आले आणि इथेच राहिले. तो स्वतः तशाच एका बांधकामाच्या परांचीवरून खाली पडला. मी पणजीला ग्रंथालयात काम करते म्हणून तो मला पहिल्या दिवसापासून लायब्ररी म्हणतो. तो हसत होता. मग मी तिसऱ्यांदा कप सारला आणि त्याचं हसू गेलं. त्याने मान वाकवून माझा खांदा बघितला, मग कोपर बघितला.

‘‘हात खाली घे,’’ तो म्हणाला.

‘‘राजेश, हा...’’

‘‘मला दिसतंय. आधी हात खाली घे. मांडीवर.’’ त्याने खुर्ची पुढे घेतली. ‘‘धा वाजता तुझी तपासणी हाय का न्हाई? मग. कुणाला दावू नगंस. सरांना बी न्हाई.’’

आमच्या खेळात, व्हीलचेअर रग्बीत, प्रत्येक शरीराला एक आकडा असतो. अर्ध्यापासून साडेतीनपर्यंत, जितकं अंग चालतं तितका आकडा मोठा. मैदानावर चौघं उतरतात आणि चौघांचे मिळून आठाच्या वर गुण जाता कामा नयेत. चौघांत एखादी बाई असली तर अर्धा गुण जास्त चालतो. राजेशचे तीन, बाकी दोघांचे अडीच आणि दोन, माझा एक: साडेआठ, काठोकाठ. हीच चौकडी वर्षभर एकत्र खेळत होती. आमच्या प्रशिक्षकांनी, दत्तप्रसाद सरांनी, देशभरातून माणसं तपासून, जोडून, मोडून ती बसवली होती, आणि देशाचं नाव छातीवर घेऊन घरच्या मैदानावर पहिल्यांदा उतरायचं ते याच चौकडीच्या जोरावर. माझं काम चेंडू घेऊन धावण्याचं नव्हतंच. समोरच्याच्या खुर्चीत माझी खुर्ची अडकवायची, त्याला धरून ठेवायचं, राजेशला वाट करून द्यायची. त्याला हात लागत नाहीत, लोखंड लागतं आणि हट्ट लागतो. पण हा कोपर तपासणाऱ्यांना दिसला तर माझा एकाचा दीड होणार होता, चौकडीचे गुण मर्यादेच्या वर जाणार होते, आणि मला बाहेर बसावं लागणार होतं. माझ्या जागी कुणीच नव्हतं. राजेशने माझा कप उचलला आणि शेजारच्या टेबलावर ठेवला.

मी खोलीवर आले आणि आईला फोन लावला. का लावला ते आता सांगता येत नाही. ज्याला लावायचा तो उचलायला नव्हता म्हणून असेल. बाबा जाऊन महिना झाला होता. बाराव्यानंतर मी सरळ शिबिरात आले होते आणि आई गावी, हळर्णला, एकटी होती.

‘‘च्या घेतलंस?’’ आईने विचारलं. तिच्या प्रत्येक फोनची सुरुवात अशीच.

‘‘आई, हात लोटता.’’

पलीकडे कुकरची शिटी झाली. तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

‘‘खंयचो?’’

‘‘उजवो.’’

‘‘शीर येता आसतली गो. तशी येताच तुका.’’ शीर म्हणजे हात आपोआप झटकला जातो ती आकडी.

‘‘शीर न्हय. मी लोटतंय म्हणून लोटता.’’

ती अगदी हळू म्हणाली, ‘‘तांकां सांगपाक जाय आशिल्लें.’’ तांकां म्हणजे बाबांना; त्यांना सांगायला हवं होतं. ती त्यांचं नाव घेत नसे, अजूनही घेत नाही.

‘‘कोणाक सांगू नाका, आई. हांगा खेळाचो प्रश्न आसा.’’

‘‘ना गो,’’ ती म्हणाली. ‘‘हांव कोणाक सांगूं?’’

बाबा, गोकुळदास, डिचोलीच्या एका खाणीच्या वर्कशॉपात फिटर होते. खाणी बंद झाल्या तेव्हा ते मुरगावला गोदीत लागले, पहाटेची बस धरून जात आणि संध्याकाळच्या बसने येत. आले की हातपाय धुवून माझ्या खाटेजवळ बसत. मी एकोणीस वर्षांची असताना साखळीच्या रस्त्यावर स्कूटरवरून पडले, त्यानंतरची ही गोष्ट. खोबरेल कोमट करून ते माझा उजवा हात मांडीवर घेत, कोपर वाकवत, आपला तळहात माझ्या तळहाताला लावत आणि देवळात गाऱ्हाणं घालावं तसं घालत: ‘‘बा देवा म्हाराजा, तुज्या दारातली ही पोर, तिच्या ह्या हाताक बळ दी, आज ना फाल्यां हो हात बापायक लोटूंदी.’’ आणि स्वयंपाकघरातून आई, भाकरी थापता थापता, ‘‘होय म्हाराजा!’’ मला त्याची लाज वाटायची. मी तेव्हा आडवी पडून वाचत होते, जे हाताला लागेल ते. पुस्तक छातीवर, पान उलटायला ओठात पेन्सिल. एकदा मी त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं, मणका, तार, स्नायू. या मणक्याखाली निरोप जात नाही, बाबा. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, ‘‘उशिरान पोचता आसतलो.’’ आणि तळहात पुन्हा माझ्या तळहाताला लावला. ‘‘लोट गो बाय.’’

तो तळहात मला दिसायचा, जाणवायचा अंगठ्याच्या बाजूनेच. खरखरीत, ग्रीजच्या रेषा कधीच न गेलेला. मी लोटत असे. म्हणजे, लोटायचं असं मनात म्हणत असे, आणि हात तसाच पडून असे, आणि ते दर वेळी म्हणत, ‘‘आज इल्लें कळलें.’’ इल्लें, म्हणजे थोडंसं. काही कळलेलं नसायचं. मग एकदा मी खेळायला लागल्यावर मला एक गुण मिळाल्याचं त्यांना सांगितलं तेव्हा ते दुखावले. ‘‘एक? शंभरांतलो?’’ ‘‘ना, साडेतीनांतलो.’’ ‘‘मगे वाडय तो.’’ ‘‘वाडलो जाल्यार माका भायर काडतले, बाबा.’’ ते हात चोळायचे थांबले. ‘‘असलो कसलो खेळ गो? बरो जाता ताका भायर घालतात?’’ मी खूप हसले होते. ते हसले नाहीत. पुढे कितीतरी दिवस, कुणी घरी आलं की ते हाच प्रश्न विचारत, आणि पाहुणे माझ्याकडे बघत.

तपासणीची खोली स्टेडियमच्या मागच्या बाजूला होती. नव्या रंगाचा वास, भिंतीला टेकवलेल्या गाद्या, मधोमध एक उंच टेबल. तपासणारी बाई न्यूझीलंडची होती, पिकलेल्या केसांची, चष्मा दोरीने गळ्यात. तिच्यासोबत एक पुरुष, जो फक्त लिहीत होता. दत्तप्रसाद सर माझ्यामागे भिंतीशी उभे होते. ती माझ्याशी सावकाश इंग्रजीत बोलत होती. मागच्या तपासणीनंतर काही बदल? सर म्हणाले, नाही, काही नाही. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. मी गप्प राहिले. ती खांद्यापासून सुरू करून खाली आली. तिचे हात थंड होते, पण नेमके. मनगट. ओढण्याचा स्नायू. मग तिने माझा उजवा हात वर उचलला, कोपर वाकवला, आणि आपला तळहात माझ्या मनगटाखाली लावला.

‘‘पुश,’’ ती म्हणाली.

त्या क्षणाबद्दल मी तेव्हापासून इतक्या वेळा विचार केला आहे की आता तो क्षण झिजून गेला आहे, त्याच्यावरची नक्षी दिसत नाही. मी लोटायचं ठरवलं होतं की न लोटायचं? खोलीत येताना माझं काहीच ठरलं नव्हतं. राजेशचं वाक्य कानात होतं, आईचा कुकर कानात होता. एखादा स्नायू मुद्दाम सैल सोडणं हा आमच्याकडे गुन्हा आहे, पकडलं तर वर्षानुवर्षं बंदी. पण पकडलं जाण्याची भीती मला त्या क्षणी नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. मला फक्त परका तळहात जाणवला. अंगठ्याच्या बाजूने. गुळगुळीत. तिने पुन्हा म्हटलं, पुश, जोर लाव. आणि मी, माझ्या समजुतीप्रमाणे, लोटलं. जसं चौदा वर्षं लोटत होते तसं, मनात. हात तसाच राहिला. तिने बोटं कोपरामागे ठेवून स्नायू चाचपला, एकदा, दोनदा. ‘‘थोडी थरथर आहे,’’ ती त्या पुरुषाला म्हणाली. मग माझ्याकडे बघून, ‘‘दमली आहेस?’’ मी मान हलवली. होय की नाही, तिने काय घेतलं कुणास ठाऊक. तिने चष्मा काढला. एक गुण कायम, पण खेळताना मी तुला बघेन, ती म्हणाली. शिक्का सामन्यानंतर.

बाहेर राजेश थांबला होता. ‘‘किती?’’

‘‘एक.’’

‘‘शाब्बास,’’ तो म्हणाला.

ते शाब्बास मला दिवसभर पुरलं. मी खोलीत येऊन टेबलाची कड धरून, पाण्याची बाटली ठेवून, लोटून बघितलं. बाटली गेली. परत आणली, पुन्हा गेली. म्हणजे हात होता. मग तिथे का नव्हता? मी थांबवला का? माणसाला स्वतःच्या हाताबद्दल एवढंही कळू नये, याची मला आधी चीड आली आणि मग भीती वाटू लागली. मला अशी शंका आली की मी त्या टेबलावर खोटं बोलले आहे, पण कुठल्या भागाने, ते सापडत नव्हतं. आणि त्याच्याही खाली दुसरी एक गोष्ट होती, जी मी लगेच झाकली: बाबा असताना इतकी वर्षं लोटला नाही, ते गेल्यावर महिन्याभरात लोटतो, तर मग तेव्हाही मीच थांबवत होते का?

दुसऱ्या दिवशी दुपारी थायलंडशी सामना होता. जिंकलो तर उपांत्य फेरी. आम्ही मैदानाच्या कडेला खुर्च्या बदलत होतो. खेळाची खुर्ची वेगळी, पुढे लोखंडी बंपर, चाकं तिरकी, कमरेला आणि मांड्यांना पट्टे. सर माझ्या हातमोज्यांवर चिकटपट्टी गुंडाळत होते. तेवढ्यात प्रेक्षकांच्या दारातून आई येताना दिसली. तिच्यासोबत मावशीचा मुलगा रुद्रेश, हातात स्टीलचा मोठा डबा. आई पांढऱ्या साडीत, हात पदराखाली. रुद्रेशने डब्याचं झाकण काढलं आणि पहिल्या रांगेपासून एकेकाच्या हातावर चमच्याने साखर घालायला सुरुवात केली.

मला ताबडतोब कळलं. बाबांचा नवस होता. हात लोटू लागला की देवाला नारळांचं तोरण आणि दिसेल त्याला साखर. बाबांचं वर्ष व्हायचं होतं, वर्षभर आमच्या घरातून देवाला काही जात नाही. आईला देवळाची पायरी चढायची नव्हती, नवसाची साखर स्वतःच्या हाताने द्यायचीही नव्हती. म्हणून रुद्रेश. त्याला सूतक नव्हतं. तोरण त्याने सकाळीच बांधलं असणार. आणि आई त्याच्यामागून चार पावलं अंतर ठेवून चालत होती आणि ज्याच्या हातावर साखर पडेल त्याला सांगत होती. कोणाक सांगू नाका, मी म्हटलं होतं. पण नवस न सांगता फेडला तर तो फिटत नाही, हे तिच्या दृष्टीने इतकं उघड होतं की त्याला सांगणं म्हणायचं तिला सुचलंच नसेल.

‘‘आई,’’ मी हाक मारली. दालन मोठं, वर छताचे पंखे. तिला ऐकू गेलं नाही.

थायलंडच्या खेळाडूंनी साखर घेतली, दोन्ही हात जोडून. पंचांनी घेतली. मग रुद्रेश कोपऱ्यातल्या टेबलाकडे वळला. तिथे ती न्यूझीलंडची बाई बसली होती आणि तिच्या शेजारी स्नेहा, आयोजकांनी दिलेली दुभाषी, म्हापशाची कॉलेजातली मुलगी, जी सगळ्यांना मदत करायला फार उत्सुक होती. साखरेचा चमचा त्या बाईच्या तळहातावर उपडा झाला. तिने हसून स्नेहाकडे बघितलं, हे काय? स्नेहाने आईला विचारलं. आईने सांगितलं. मला तिचे ओठ दिसत होते. मग आईने पदराखालून उजवा हात काढला, कोपर वाकवला आणि हवेत पुढे लोटून दाखवला.

स्नेहाने ते भाषांतर केलं. त्या बाईने माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घालून, सावकाश, एक कणही न सांडता, साखर खाल्ली.

‘‘मेलो आपण,’’ राजेश माझ्या कानाशी म्हणाला. ‘‘तुझी आई हाय का कोण हाय?’’

‘‘तिला माहीत नाही.’’

‘‘आता ऐक. आज तो हात तुझा न्हाईच असं समज. चेंडू आला तर मांडीवर घे, कवेत धर, मला दे जवळनं. लांब टाकायचा न्हाई. मेलीस तरी टाकायचा न्हाई.’’

आई तोपर्यंत कठड्याजवळ आली होती. तिथून ती माझ्या खुर्चीकडे बघत होती. ‘‘गो बाय, ही लोखंडाची कदेल कित्याक? ती तुजी बरी न्हय?’’ तिला ही खुर्ची कधीच आवडली नाही. आणि मग, आवाज खाली आणून, ‘‘रुद्रेशान तोरण बांदलें. हांव भायरूच रावलें. आतां बरें जातलें सगळें.’’

मी म्हटलं, ‘‘बस आई. वयर बस.’’

सामना सुरू झाला. खुर्च्या एकमेकींवर आदळतात तो आवाज ऐकून नवी माणसं दचकतात. मला तो डिचोलीचा आवाज वाटतो, ट्रकचं मागलं फाळकं पडल्याचा. आम्हाला घाम येत नाही, अंग तापत जातं. बाहेर बसलेली मुलं दर थांब्याला आमच्या तोंडावर फवारे मारत होती. मी माझं काम करत होते. त्यांच्या सोळा नंबरच्या खेळाडूला धरून ठेवायचं. जाडा, शांत, सोन्याचा एक दात असलेला माणूस; मी त्याच्या चाकात बंपर घातला की तो कंटाळल्यासारखा नाक फुगवायचा आणि मागे सरायचा. उजवा हात मी चाकावर असा ठेवला होता की जसा काही तो शेजारणीचा मला सांभाळायला दिलेला आहे. चाक पुढे ढकलताना मी तळव्याची टाच वापरते, खांद्याचा जोर. आता प्रत्येक ढकलीला कोपर मधे येत होता, स्वतःहून थोडं जास्त देत होता, आणि खुर्ची डावीकडे खेचली जात होती. मला दर वेळी तिला सरळ करावं लागत होतं. कोपऱ्यातल्या टेबलाकडे मी बघत नव्हते, त्यामुळे ते मला सतत दिसत होतं.

गुण बरोबरीने चालले होते. त्यांचा एक, आमचा एक. शेवटच्या मिनिटात बरोबरी होती आणि चेंडू आमच्याकडे होता. राजेशने तो आमच्या दोन गुणवाल्याकडे दिला, त्याला दोघांनी घेरलं, त्याने घाबरून जो दिसेल त्याच्याकडे फेकला, आणि तो माझ्या मांडीवर येऊन पडला. मी दोन्ही मनगटांनी त्याला कवेत घेतला. त्याच क्षणी डावीकडून एकाने आणि समोरून त्या सोळा नंबरने माझी खुर्ची चिमटीत धरली. चाक हलेना. चेंडू दहा सेकंदांत आपटायचा किंवा द्यायचा, नाहीतर तो गेला. राजेश सुटला होता. गोलरेषेपासून हातभर अंतरावर, एकटा, माझ्यापासून दोन खुर्च्या पलीकडे. ‘‘जवळ येतो!’’ तो ओरडला, पण येऊ शकत नव्हता. आला असता तर त्याला परत धरलं असतं. त्याला कुणी धरलं नव्हतं याचं कारण मला दिसलं. त्यांचा एक खेळाडू राजेशकडे निघाला होता आणि सोळा नंबरने त्याला हात वर करून थांबवलं, माझ्याकडे बघितलं, आणि एक बोट उभं केलं. एक. ही एक गुणाची आहे. हिच्याकडून तिथवर चेंडू जात नाही, तिकडे जाऊ नको. त्याचा हिशोब बरोबर होता. माझ्या कागदावर जे लिहिलं होतं त्यावर विश्वास ठेवून त्याने ती वाट मोकळी सोडली होती.

मला आठवतं ते असं की मी काही ठरवलं नाही. मी त्या बोटाकडे बघत होते. मला बाबांचा राग आला, एकाएकी, असा की आयुष्यात कधी आला नव्हता. की तुम्ही एवढी वर्षं रोज येऊन बसलात आणि रोज खोटं सांगितलंत की इल्लें कळलें, आणि मी ते तुम्हाला सांगू दिलं, आणि आता कळतं आहे तर कुणाला कळतं आहे? चेंडू छातीशी होता. डाव्या मनगटाने त्याला आधार दिला. उजवा कोपर उघडला, पूर्ण, शेवटपर्यंत, हाडाला हाड लागेपर्यंत, आणि चेंडू दोन्ही खुर्च्यांवरून गेला.

राजेशने तो घेतला आणि रेषा ओलांडली. उरलेल्या सेकंदांत त्यांना काही करता आलं नाही. शिट्टी झाली.

आमची मुलं ओरडत होती, कुणीतरी माझ्या डोक्यावर अख्खी बाटली ओतली. सोळा नंबर हलला नव्हता. त्याची खुर्ची अजून माझ्या खुर्चीत अडकलेली होती. तो गुणफलकाकडे बघत नव्हता. माझ्या कोपराकडे बघत होता, जसं आपण वजनकाट्याकडे बघतो. त्याने ते बोट अजून खाली घेतलं नव्हतं. मग त्याला ते लक्षात आलं आणि त्याने हात मिटला, दोन्ही हात जुळवून मला मान लववली, रीतीप्रमाणे, आणि खुर्ची सोडवून घेऊन गेला. त्याने तक्रार केली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी चाकं वळवली आणि कोपऱ्याकडे निघाले.

‘‘लायब्ररी!’’ राजेश मागून. ‘‘ए, तिकडं कुठं? सेजल!’’ त्याने माझं नाव घेतल्याचं मला दुसऱ्यांदाच आठवतं. तो भराभर चाकं मारत माझ्या बाजूला आला आणि माझ्या चाकावर हात ठेवला. ‘‘थांब की. त्यांनी अजून बोलावलं न्हाई. बघितलं नसंल बी. उद्या एक सामना. एकच. मग जा, मीच नेतो तुला.’’

‘‘त्याने एक बोट दाखवलं होतं, राजेश.’’

‘‘कुणी?’’

‘‘सोळा नंबरने. म्हणून तू मोकळा होतास.’’

त्याला कळायला वेळ लागला. त्याचे डोळे लाल झाले होते, तोंडावरून पाणी गळत होतं. ‘‘उद्या तू न्हाईस तर आपण हरतो,’’ तो म्हणाला. ‘‘हे तुला ठावं हाय न्हवं?’’

‘‘हो.’’

‘‘सर मला खातील. पोरं तुला खातील.’’

‘‘हो.’’

तो माझ्या चाकावर हात ठेवून तसाच बसला. मग त्याने हात काढला. शाब्बास म्हणाला नाही.

त्या बाईने मला येताना बघितलं आणि ती उभी राहिली. टेबलावर, पेल्याशेजारी, साखरेचे चार दाणे होते. स्नेहाचा चेहरा उतरला होता, तिला आत्ता कुणीतरी काहीतरी समजावलं असणार. मी पाहिलं, ती बाई म्हणाली. तेवढंच. मग, ‘‘कधीपासून?’’

‘‘काल सकाळपासून.’’

‘‘माझ्याकडे येण्याआधी?’’

‘‘आधी.’’

‘‘मग टेबलावर काय झालं?’’

‘‘मला माहीत नाही,’’ मी म्हटलं. इंग्रजीत ते फारच किरकोळ वाटलं, म्हणून मी पुन्हा म्हटलं, ‘‘खरंच माहीत नाही. तुम्ही लिहा, काय लिहायचं ते.’’

ती काय लिहिणार होती, बंदी की नुसता अर्धा गुण, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. पुढे तिने अर्धाच वाढवून लिहिला. पण तेव्हा तिने लेखणी घेतलीच नव्हती. तिने खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसली, माझ्या हातमोज्याची चिकटपट्टी हळूहळू उलगडली, मोजा काढला. माझा पंजा बाहेर आला, पांढरा, सुरकुतलेला. तिने कोपर वाकवला आणि आपला तळहात पुढे धरला. मागे दत्तप्रसाद सर कुणालातरी विचारत होते, काय चाललंय, काय चाललंय तिथे. वर आई उभी राहिली होती. ती लांब होती, तिला फक्त माझी पाठ दिसत असणार.

‘‘पुश,’’ ती म्हणाली.

मी लोटलं. तिचा तळहात मागे गेला. तिने आणखी जोर लावला, तिच्या दंडाची शीर वर आली, आणि तरी तो गेला, मागे, तिच्या छातीपर्यंत. इतका सहज की माझा तोल गेला. पट्ट्याने धरलं नसतं तर मी पुढे पडले असते. समोर काही अडवणारं उरलं नव्हतं. मला वाटलं होतं तिथे जोर लावून धरणारं कुणीतरी असेल.

‘‘पुरे,’’ ती म्हणाली, मग जरा हळू, ‘‘पुरे, झालं.’’

मला ऐकू आलं. तरी मी लोटत राहिले.